झाड एक दिसावं म्हणून

सजवलेल्या ख्रिसमस ट्रीसमोर उभं राहून "छान झालंय, पण काहीतरी राहिलंय" असं म्हणणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. मग ते राहिलेलं शोधायला खोकी पुन्हा उघडली जातात. आणखी चार बॉल बाहेर येतात, तळाशी पडलेली घंटी सापडते, चमकीची एक माळ निघते, आणि झाड आणखीच विस्कटतं. अशा झाडावर बहुतेक वेळा कमी काहीच नसतं, असं माझं मत झालं आहे. त्यावरची प्रत्येक वस्तू सुंदर असते, पण एकेकदाच आलेली असते. नजर एका वस्तूवर जाते आणि तिथून पुढे कुठे जायचं ते तिला कळत नाही.

एकसंध झाड म्हटलं की लोकांना सगळं एकाच रंगाचं, एकाच मापाचं झाड आठवतं. दुकानांच्या मोठ्या काचांमागे अशी झाडं असतात. ती नीटनेटकी असतात, पण एकदा पाहिली की पाहून संपतात. मला हवं असतं ते दारातून एक वाटणारं आणि जवळ गेल्यावर शंभर गोष्टी दाखवणारं झाड. हे दोन्ही एकत्र साधायचं कसं, याचा विचार मी दर डिसेंबरात नव्याने करते आणि दरवेळी त्याच उत्तराशी येऊन पोचते: एखादी गोष्ट झाडभर पुन्हा पुन्हा आली पाहिजे. अभंगात ध्रुपद परत परत येतं म्हणून मधली कडवी लांबवर हिंडून येऊ शकतात. झाडावरही असं एखादं ध्रुपद ठरलं की बाकीच्या वस्तूंना हवं तसं असायची मोकळीक मिळते.

हे ध्रुपद कशाचं, ते ठरवायला एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. डोळा झाड एकदम पाहत नाही. आधी त्याला आकार दिसतो, मग उजेड, मग रंगांचे मोठे ठिपके, मग चमक, आणि एकेक वस्तू अगदी शेवटी. सजवताना आपण नेमकं उलटं करतो. सगळ्यात लाडकी वस्तू आधी हातात येते, ती सगळ्यात चांगल्या फांदीवर जाते, आणि मग उरलेलं झाड तिच्याभोवती कसंबसं भरलं जातं. सजवायचा क्रम डोळ्याच्या क्रमाने ठेवला तर अर्धं काम तिथेच होतं.

आकाराचं काम कंटाळवाणं आहे आणि त्याला पर्याय नाही. कृत्रिम झाड खोक्यातून निघतं तेव्हा फांद्या दाबून चपट्या झालेल्या असतात. एकेक काडी उघडून एक डावीकडे, एक उजवीकडे, एक वर अशी वळवत बसावं लागतं, खोडाजवळच्या आधी आणि टोकाच्या नंतर. मधला खांब दिसत राहिला तर वर काहीही टांगा, नजर त्या खांबावरच जाते. खरं झाड असेल तर त्याचा स्वभाव पाहावा लागतो. नॉर्वे स्प्रूसच्या सुया बारीक आणि फांद्या लवचीक, त्यावर हलक्या, छोट्या वस्तू शोभतात. नॉर्डमन फरच्या फांद्या मजबूत असतात आणि थरांमध्ये मोकळी जागा असते, तिथे मोठा बॉल खालच्या फांदीला न टेकता लोंबतो. ब्लू स्प्रूसचा हिरवा निळसर-करडा असतो. त्यावर चांदी, पांढरा, निळा सहज बसतात, पिवळाजर्द सोनेरी मात्र थोडा परका वाटतो. म्हणजे आपण काही ठरवण्याआधी झाडाने एक रंग ठरवून दिलेला असतो. हा हिरवा मोजायचा राहून जातो. "आम्ही तीनच रंग घेतले" असं जे म्हणतात, त्यांच्या झाडावर खरं तर चार असतात.

उजेडाबद्दल मात्र मला मनापासून, आणि जरा जास्तच, बोलायचं आहे.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमधलं झाड आणि लंडनच्या ट्रफाल्गर चौकातलं झाड ही जगातली दोन फार प्रसिद्ध झाडं. रॉकफेलरच्या झाडावर 50,000 हून जास्त रंगीबेरंगी दिवे असतात आणि शेंड्यावर तारा. बॉल, रिबन, बाहुल्या काही नाही. ट्रफाल्गरचं झाड दुसऱ्या महायुद्धातल्या मदतीची आठवण म्हणून 1947 पासून दरवर्षी नॉर्वेकडून भेट येतं, आणि त्यावर पांढऱ्या दिव्यांच्या माळा शेंड्यापासून खालपर्यंत सरळ सोडलेल्या असतात. एक झाड रंगांनी भरलेलं, दुसऱ्यावर एकच पांढरा, आणि एकसंधपणात दोन्ही सारखीच. दोन्हींवर एकच गोष्ट शेकडो-हजारो वेळा आली आहे, एवढंच त्यांच्यात समान आहे. रंगीबेरंगी दिवे लावले की झाड बटबटीत होतं असं ठामपणे सांगितलं जातं, ते मला पटत नाही ते यामुळे. रंगीत दिवे जरूर लावावेत. मग तेच झाडाचं मुख्य बोलणं असू द्यावं आणि बॉल एका रंगाचे, शक्यतो चांदीचे किंवा पारदर्शक घ्यावेत, म्हणजे दिव्यांचे रंग त्यांच्यात उतरतात.

झाडावर विजेचे दिवे आले तेव्हापासून हे शहाणपण दिसतं. 1882 मध्ये एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरच्या झाडावर लाल, पांढरे आणि निळे असे 80 बल्ब लावले आणि झाड विजेवर गोल फिरत ठेवलं. रंग तीन, पण बल्ब सगळीकडे तसेच. फिरणाऱ्या झाडाला मागची बाजू नसते, हेही मला त्यात आवडतं. भिंतीला टेकवलेल्या झाडाची मागची बाजू आपण मोकळी सोडतो आणि मग खिडकीच्या काचेत तीच दिसत राहते.

पांढऱ्या दिव्यांच्या बाबतीत जास्त जपावं लागतं. पांढरा म्हणून मिळणारा प्रत्येक दिवा सारखा पांढरा नसतो. 2700 केल्विनच्या (केल्विन हे उजेडाच्या छटेचं माप) आसपासचा उजेड जुन्या तारेच्या बल्बसारखा पिवळसर, उबदार दिसतो, तर 5000 च्या पुढचा थंड आणि निळसर. पांढऱ्या एलईडीत बहुतेक करून निळा प्रकाश देणारी चिप असते आणि तिच्यावरच्या पिवळ्या फॉस्फरच्या थरामुळे आपल्याला तो उजेड पांढरा दिसतो. थर थोडा इकडेतिकडे झाला की पांढरेपणा बदलतो. त्यामुळे जुन्या दोन माळांना यंदाची एक नवी जोडली की झाडाच्या मधोमध निळसर पट्टा उमटतो. दिवसा तो दिसत नाही, रात्री त्याशिवाय दुसरं काही दिसत नाही. नवीन माळा घ्यायच्या तर सगळ्या एकदम, एकाच प्रकारच्या घ्याव्यात. ते शक्य नसेल तर वेगळी माळ पट्ट्याने न लावता खोडालगत, तळापासून शेंड्यापर्यंत आत गुंडाळावी आणि जुन्या माळा बाहेर टोकांकडे न्याव्यात. मग आतला थंड उजेड झाडाचा खोलपणा म्हणून वाचला जातो, चूक म्हणून नाही.

किती दिवे, याचा एक ठोकताळा आहे: झाडाच्या उंचीच्या दर फुटाला 100. सहा फुटी झाडाला 600. आकडा ऐकून जास्त वाटतो, पण निम्मे दिवे आत जातात. माळ नुसती झाडाभोवती गोल गुंडाळली की झाडाला दोरी बांधल्यासारखं दिसतं. प्रत्येक मोठ्या फांदीवर खोडाकडून टोकापर्यंत जायचं, टोकाकडून परत आत यायचं, मग पुढची फांदी. वेळ लागतो. पण बॉल टांगायच्या आधी खोलीतले दिवे मालवून, डोळे किलकिले करून पाहिलं की काळोखाची भोकं लगेच कळतात, आणि याच टप्प्यावर ती भरणं सोपं असतं. नंतर सगळं काढावं लागतं.

उजेड एकटा काय करू शकतो याचं टोकाचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. विस्कॉन्सिनमधल्या मॅनिटोवॉक इथल्या ॲल्युमिनम स्पेशॅलिटी कंपनीने 1959 मध्ये एव्हरग्लीम नावाचं चंदेरी झाड बाजारात आणलं. फांद्या ॲल्युमिनियमच्या, त्यामुळे विजेच्या माळा लावल्या तर शॉक बसायची भीती. म्हणून जमिनीवर एक दिवा ठेवत आणि त्याच्यासमोर रंगीत तुकड्यांची चकती फिरत राही. झाड कधी लाल, कधी निळं, कधी हिरवं होई, पण त्या क्षणी पूर्णच्या पूर्ण एका रंगात न्हालेलं असे. पुष्कळांना ते झाड कृत्रिम आणि थंड वाटलं, आणि मलाही घरात ते नको आहे. तरी त्यातून शिकण्यासारखं आहे. बॉल वेगवेगळ्या घराण्यांतले असले तरी त्यांच्यावर पडणारा उजेड एक असला, तर ते नातेवाईक दिसू लागतात.

आता रंग. मिशेल शेवरल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख होता. तिथे विणल्या जाणाऱ्या पडद्यांतला काळा रंग फिका पडतो अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने तपासलं तर रंगात दोष नव्हता. काळ्या धाग्याशेजारी कोणता धागा येतो, त्यावर तो काळा किती काळा दिसतो हे ठरत होतं. 1839 मध्ये त्याने रंगांच्या या परस्परविरोधाचा नियम मांडला. रंगचक्रावर समोरासमोर असलेले रंग शेजारी आले की दोघेही अधिक भडक दिसतात. लाल आणि हिरवा ही त्यातलीच जोडी. म्हणून झाडावरचा लाल बॉल हातातल्या लाल बॉलपेक्षा जास्त लाल दिसतो, आणि म्हणूनच लाल फार लागत नाही. लाल मूठभर पुरतो. लालाने झाड भरून काढायला गेलं की दोन्ही रंग एकमेकांवर ओरडू लागतात आणि झाड लहान वाटतं.

लालाची आणखी एक गंमत रात्री कळते. उजेड कमी झाला की डोळ्याची लाल ओळखण्याची ताकद आधी ढासळते, निळा आणि हिरवा जास्त वेळ टिकतात. यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात हे टिपलं आणि त्याच्याच नावाने ते ओळखलं जातं. अंधाऱ्या खोलीत फक्त झाडाचे दिवे लावले की दिव्यांपासून लांब असलेले गडद लाल बॉल काळपट ठिपके होऊन बसतात. दुपारी भरगच्च दिसणारं झाड संध्याकाळी मध्येमध्ये खाल्ल्यासारखं दिसतं ते यामुळे. लाल बॉल चकचकीत घ्यावेत आणि दिव्यापासून वीतभर अंतराच्या आत टांगावेत. मॅट लाल, ज्याला मखमली लाल म्हणतात, तो फारच देखणा असतो, पण तो दिवसाचा रंग आहे.

किती रंग घ्यावेत याबद्दल माझं मत सोपं आहे. हिरव्याखेरीज एक रंग मुख्य, एक दुय्यम, आणि एक अगदी थोडा. मुख्य रंगाच्या मात्र दोन-तीन छटा असाव्यात. एकाच लालाऐवजी डाळिंबी, वीटकरी आणि थोडा काळपट लाल एकत्र आले की झाड जिवंत वाटतं, आणि मग ते एका वेळी एका खोक्यातून आणलेलं वाटत नाही. सोनं आणि चांदी एकत्र चालतं का, असं फार विचारलं जातं. चालतं, पण दोन्ही झाडभर हवीत. वरच्या अर्ध्यात सोनं आणि खालच्या अर्ध्यात चांदी म्हणजे दोन झाडं.

आणि बॉल. काचेचा जुना बॉल एकदा हातात घेऊन निरखावा. तो इतका हलका असतो की बोटांना फक्त गारवा कळतो. वरची धातूची टोपी अलगद काढली की आत चांदीचा अस्तर दिसतो, आणि टोपीखालच्या मानेची कड खडबडीत असते, कारण तिथे काचेची नळी तोडलेली असते. जर्मनीतल्या थुरिंगिया प्रांतात लाउशा नावाचं काच बनवणाऱ्यांचं गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तिथल्या घराघरांत असे बॉल फुंकले जाऊ लागले. 1867 मध्ये तिथे गॅस आला, ज्योत हवी तशी कमीजास्त करता येऊ लागली आणि मोठे, पातळ, नितळ गोल जमू लागले. फुंकलेल्या बॉलच्या आत सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण घालून हलवत, म्हणजे आतून चांदी चढे. बाहेरून रंगीत लाखेत बुडवून तो वाळवत. म्हणजे जुन्या लाल बॉलची चमक लाल नसतेच. ती चांदीची असते, लाल रंगाआडून येणारी. रंग वेगवेगळे असलेले असे बॉल एका झाडावर एकमेकांना धरून राहतात, कारण सगळ्यांच्या पोटात एकच चांदी असते.

गोल, चकचकीत बॉल हा बहिर्वक्र आरसा असतो. त्याच्यात अख्खी खोली लहान होऊन मावते: खिडकी, दिवा, भिंत, बघणारी आपण. खोलीचा पडदा मोरपंखी असेल तर झाडावरच्या प्रत्येक चकचकीत बॉलमध्ये मोरपंखी रंगाचा एक तुकडा असणार. झाडाचे रंग ठरवताना खोली पाहावी असं मी सांगते ते एवढ्यासाठी. खोलीला झाडावरून दूर ठेवता येत नाही. तिचा एखादा रंग दुय्यम रंग म्हणून घेतला तर झाड त्या घरातलं वाटतं. मॅट बॉल मात्र कशाचं प्रतिबिंब दाखवत नाही, तो स्वतःचाच रंग दाखवतो. म्हणून दोन्ही हवेत. सगळेच चकचकीत असले तर नजर ठरत नाही, सगळेच मॅट असले तर झाड मुकं होतं. चमकी लावलेले सगळ्यात कमी, आणि दिव्याला चिकटून.

यंत्राने बॉल बनवायला लागल्यावर संख्येचा प्रश्न मिटला. अमेरिकेत कॉर्निंग या काच कंपनीने 1940 च्या सुमारास बल्ब बनवायच्या यंत्रावर दिवसाला 3,00,000 बॉल काढायला सुरुवात केली. लगेच महायुद्धाने चांदी आणि धातूचा पुरवठा तोडला. मग आतून चांदी न चढवलेले पारदर्शक बॉल आले, त्यांवर रंगांच्या बारीक रेघा, आणि टोप्या धातूच्या जागी पुठ्ठ्याच्या. त्या टंचाईतले बॉल मला फार सुंदर वाटतात. त्यांच्यातून मागची फांदी दिसते, म्हणून ते जागा अडवत नाहीत.

टांगण्याचं तंत्र एका गोष्टीवर उभं आहे: बॉल फक्त टोकाला टांगू नयेत. मोठे आणि साधे बॉल आधी घ्यावेत आणि खोडाच्या दिशेने, फांदीच्या निम्म्यावर, आत टांगावेत. तिथे ते वस्तू म्हणून दिसत नाहीत, पण दिव्यांचा उजेड परतवतात आणि झाड आतून उजळतं. मधल्या मापाचे त्यांच्या पुढे, आणि लहान अगदी टोकांना. खाली मोठे, वर लहान हे तर आहेच, पण पूर्ण काटेकोर नको. एखादा मध्यम बॉल वर गेला आणि एखादा बारीक खाली उतरला की झाड मोजून केल्यासारखं दिसत नाही. मुख्य रंगाचे बॉल तिरक्या रेषेत वरून खाली जावेत. आडव्या ओळी झाल्या की झाडाला पट्टे पडतात.

विषय ठरवून झाड सजवण्याबद्दल दोन शब्द. 1961 मध्ये व्हाइट हाउसच्या ब्लू रूममधल्या झाडाला जॅकलिन केनेडी यांनी एका बॅलेचा विषय दिला आणि तिथे दरवर्षी विषय ठरवायची रीत पडली. विषय मनाला एकसंधपणा देतो, डोळ्याला देईलच असं नाही. समुद्र हा विषय घेतला आणि पांढरे शंख, तांबडा खेकडा, पिवळा मासा, निळी होडी आणि सोनेरी नांगर टांगला, तर दारातून दिसणार ते पाच रंगांचे पाच तुकडे. समुद्र कळायला जवळ जावं लागेल. विषय घ्यायचाच तर त्यातल्या एकाच गोष्टीला संख्येने मोठं करावं, आणि बाकीच्या तुरळक ठेवाव्यात.

या सगळ्यात मला सर्वांत जवळचा प्रश्न वेगळाच आहे. प्रत्येक घरात अशा वस्तू असतात ज्या कशाशीच जुळत नाहीत आणि ज्यांच्याशिवाय झाड लावण्यात अर्थ नसतो. आमच्याकडे पुठ्ठ्याची एक चांदणी आहे. घरातल्या एका मुलाने ती लहानपणी केली, आता तो मोठा आहे. चांदीचा कागद घड्यांवर पांढरा पडलाय, एका टोकाला डिंक पिवळा होऊन गोठलाय, आणि पाचवं टोक इतरांपेक्षा बरंच लांब आहे, कारण पुठ्ठा तिथे उरला होता. दुसरा आजीकडून आलेला काचेचा पक्षी. त्याची शेपटी काचेच्या तंतूंची, बोट लावलं तर तुटेल अशी, आणि तो टांगायचा नाही, फांदीला चिमट्याने बसवायचा. शिवाय लोकरीचा एक गोळा, लाकडी घोडा, कुणीकुणी दिलेल्या वस्तू. झाड एकसंध दिसावं म्हणून यांना खोक्यात ठेवणारी माणसं आहेत. मला ते कधीच पटलं नाही. ज्या झाडावर त्या चांदणीला जागा नाही, ते कितीही जुळलेलं असलं तरी मला नको.

त्यांना एकत्र आणण्याचा माझा उपाय फितीचा आहे. अशा प्रत्येक वस्तूचा जुना दोरा, तार, रबर काढायचं आणि ती एकाच रंगाच्या, एकाच रुंदीच्या फितीने टांगायची. आमची फीत डाळिंबी आहे, पाव इंचाची, सुती. प्रत्येक वस्तूच्या डोक्यावर तीच छोटी गाठ आली की नजर आधी गाठी ओळखते आणि मग वस्तूंपाशी उतरते. पक्षी टांगत नाहीत, म्हणून त्याच्या चिमट्यालाच फीत बांधते. हे फार साधं आहे, पण त्याने जेवढा फरक पडतो तेवढा महागड्या बॉलने पडत नाही. जागाही ठरलेली असते. या वस्तू नजरेच्या उंचीवर, झाडाच्या पुढच्या भागात, दोन-तीनच्या गटात राहतात, आणि प्रत्येकीच्या मागे एक मॅट बॉल. मॅट अशासाठी, की मागे चकचकीत बॉल असला तर चांदणीचा फिका कागद त्याच्यापुढे हरतो. ज्या वस्तूतून उजेड जातो तिच्या मागे दिवा, ज्यातून जात नाही तिच्या पुढे किंवा बाजूला.

मुलांबरोबर झाड सजवताना हीच विभागणी फार उपयोगी पडते. मुलं सगळं एकाच फांदीवर टांगतात, त्यांच्या खांद्याच्या उंचीला. ती झोपल्यावर गुपचूप सगळं हलवणं मला बरं वाटत नाही. सकाळी त्यांना ते कळतंच. त्याऐवजी मुख्य रंगाचे बॉल त्यांच्या हाती द्यावेत. जी गोष्ट झाडभर आहे ती एका ठिकाणी थोडी जास्त झाली तर बिघडत नाही, तो घोस वाटतो. मग वरच्या भागात मोठ्यांनी त्याच रंगाचा तसाच एक घोस करायचा, म्हणजे खालचा ठरवून केलेला वाटतो.

बाकीचं थोडक्यात. रिबन घ्यायची तर कडेला तार असलेली, आणि गोल न गुंडाळता वरून खाली लाटांसारखी, मध्येमध्ये फांद्यांत खोचत. झिरमिळ्या, म्हणजे टिन्सेल, मला आवडतात, पण त्या एकेक करून लावाव्या लागतात. मूठभर टाकल्या की गुंता होतो. जुन्या झिरमिळ्या शिशाच्या असत आणि आपल्या वजनाने सरळ लोंबत; 1970 च्या दशकात शिशाच्या विषामुळे अमेरिकेत त्या बंद झाल्या. जुन्या खोक्यात तशा जड, मळकट करड्या झिरमिळ्या सापडल्या तर लहान मुलं आणि मांजरं यांच्यापासून दूरच ठेवाव्यात. शेंड्यावरचा तारा आणि तळाचं कापड यांत मुख्य रंग एकदा तरी यावा. झाडाचा शेंडा आणि पाया बोलले की मधलं सावरलं जातं. आणि स्टँड झाका. हिरव्या लोखंडी पायांनी कितीतरी चांगल्या झाडांची रया घालवली आहे.

झालं असं वाटलं की फोनवर फोटो काढून तो कृष्णधवल करून बघते. रंग गेले की उरतो तो फक्त उजेड आणि अंधार, आणि कुठे गर्दी झालीय, कुठे पोकळी राहिलीय ते स्पष्ट होतं. 1848 मध्ये एका इंग्रजी सचित्र साप्ताहिकात राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट यांचं कुटुंब झाडाभोवती उभं असल्याचं चित्र छापून आलं आणि त्या चित्राने इंग्लंडमध्ये झाडाची आवड घराघरांत नेली. ते चित्र काळ्यापांढऱ्या रेघांचं. त्यात रंग मुळीच नाही, आणि तरी झाड एक दिसतं. फांद्यांच्या प्रत्येक थरावर मेणबत्त्यांची रांग आहे, वर लहान होत जाणारी. मधल्या टोपल्या आणि खेळणी नाना तऱ्हेची आहेत, पण मेणबत्त्या त्यांना सोडत नाहीत.

फोटोत जिथे गर्दी दिसते तिथून काढायचं, आणि पोकळीत नवीन काही न आणता तेच काढलेलं तिकडे न्यायचं. बहुतेक वेळा दोन-चार वस्तू हातात उरतात, त्यांना यंदा सुट्टी.

उतरवतानाही मी आता दोन प्रकारची खोकी ठेवते. माळा पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर गुंडाळून, मुख्य रंगाचे बॉल मापाप्रमाणे, आणि रिबन, हे सगळं एका मोठ्या खोक्यात. त्यावर 'आधी' असं लिहिलेलं आहे. चांदणी, पक्षी, घोडा आणि त्यांच्या फिती वेगळ्या, लहान खोक्यात, प्रत्येक वस्तू कागदात, पक्ष्याची शेपटी वरच्या बाजूला. त्यावर 'नंतर'. पुढच्या डिसेंबरात घरात आधी हात कुणाचाही लागो, मोठं खोकं रिकामं झाल्याखेरीज लहान उघडायचं नाही, एवढं सगळ्यांना ठाऊक आहे.